टीव्ही जळतो, फ्रिज वाचतो: घरातल्या बारीक तारांचं अर्थिंग कसं तपासायचं

परतीचा पाऊस सुरू झाला की कोकणातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांत एकाच तक्रारीचं गिऱ्हाईक यायला लागतं. रात्री गडगडाट झाला, सकाळी टीव्ही लागेना. सेट टॉप बॉक्स गेला, राउटरचे दिवे बंद, फाटकावरचा कॅमेरा काळा. पण त्याच खोलीतला फ्रिज ठणठणीत. पंखा फिरतोय, दिवे लागतायत. मग लोक म्हणतात, "हल्लीच्या वस्तूंत दमच नाही."

दमाचा प्रश्न थोडा आहेच. पण मेलेल्या वस्तूंची यादी नीट बघा. टीव्हीला एक तार बोर्डातून येते आणि दुसरी छपरावरच्या डिशकडून. राउटरला एक बोर्डातून, दुसरी रस्त्यावरच्या खांबावरून. कॅमेऱ्याची तार घरातून निघून थेट फाटकापर्यंत गेलेली. फ्रिजला मात्र बोर्डाखेरीज कुठूनच काही येत नाही. म्हणजे ज्या वस्तूंना दोन बाजूंनी तारा आल्या त्या गेल्या, एकाच बाजूने आली त्या राहिल्या. घर विकत घेताना, होमस्टे सुरू करताना किंवा गणपतीसाठी बंद घर उघडताना वायरमन बोर्ड बघतो, केबलवाला सिग्नल बघतो. या दोन बाजूंमधलं नातं मात्र कोणीच बघत नाही. तेच कसं बघायचं, ते इथे सांगतो.

आधी अर्थिंगचं मूळ काम

घरात पुरवठ्याच्या दोन तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. फेजमधून २३० व्होल्टचा दाब येतो, न्यूट्रलमधून प्रवाह परत जातो. तिसरी हिरवी तार रोजच्या व्यवहारात काहीच करत नाही. तिचं एक टोक फ्रिज, गिझर, पंप यांच्या पत्र्याला, दुसरं अंगणातल्या खड्ड्यात पुरलेल्या पाइपला किंवा प्लेटला. आत कुठे फेज सुटून पत्र्याला चिकटली, तर प्रवाहाला माणसाऐवजी ही वाट मिळावी आणि मेन बंद पडावा, एवढंच तिचं काम.

कोकणात मेख आहे ती जमिनीत. काळ्या मातीत ओल धरते, तिथे खड्डा चांगला लागतो. आपल्याकडे हातभर मातीखाली जांभा, कुठे कुठे तर थेट कातळ. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि मार्च-एप्रिलपर्यंत खडखडीत होतो. समजा खड्ड्याचा रोध, म्हणजे जमिनीत प्रवाह शिरताना होणारा अडथळा, २० ओहम भरला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. गिझरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह ठरल्यापेक्षा जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरचा. तो पडणारच नाही, आणि गिझरचं अंग फेजवर तसंच राहील. म्हणून आपल्या भागात आरसीसीबी ही चैन नाही. जाणारा आणि येणारा प्रवाह तोलून ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तोडणारी ही पेटी आहे. खड्डा १०० ओहमचा असला तरी गळती २ अँपिअरच्या वर जाते, तेव्हा ती पेटी क्षणात पडते. जुनी माणसं तिला ईएलसीबी म्हणतात. चालेल, काहीही म्हणा, पण बसवा.

१२ व्होल्टला कसलं आलंय अर्थिंग?

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त वाटतो. डिशच्या तारेतून १३ ते १८ व्होल्ट जातात, कॅमेऱ्याला १२, जुन्या टेलिफोनला ४८. अशा कमी व्होल्टेजच्या सगळ्या तारांना मी या लेखात बारीक तारा म्हणणार आहे. त्यांना हात लावून कोणी मरत नाही. मग त्यांना जमिनीशी का बांधायचं?

कारण त्या घराबाहेर जातात. आपल्याला भीती १२ व्होल्टची नाही, त्या तारेवरून बाहेरून काय येईल त्याची आहे. खांबावर केबल आणि महावितरणची तार शेजारीशेजारी असतात. वादळात फांदी पडली आणि एकीने दुसरीला मिठी मारली, की २३० व्होल्ट केबलवरून सरळ तुमच्या पडवीत. दुसरी पाहुणी आकाशातली. ती घरावर पडायचीही गरज नाही. शंभर-दोनशे मीटरवरच्या माडावर पडली तरी आसपासच्या लांब तारांमध्ये आणि जमिनीत दाबाची लाट उठते.

भरतीच्या वेळच्या दोन होड्या

या लाटेत टीव्ही नेमका का मरतो, ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

खाडीत दोन होड्या शेजारीशेजारी उभ्या आहेत आणि एक माणूस एक पाय इकडे, एक तिकडे टाकून उभा आहे. होड्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतील तर पाणी दहा फूट चढो, माणूसही दहा फूट वर जाईल आणि त्याला कळणारही नाही. पण एक होडी मोकळी आणि दुसरी धक्क्याच्या खुंट्याला आखडून बांधलेली असेल, तर तो मधोमध फाटेल. पाणी किती चढलं याने त्याचं वाईट झालं नाही, दोन होड्यांत अंतर पडलं याने झालं.

टीव्ही हा तो माणूस. एक पाय बोर्डाच्या अर्थवर, दुसरा डिशच्या तारेवर. विजेचा १०,००० अँपिअरचा हिस्सा १० ओहमच्या खड्ड्यातून जमिनीत शिरला, तर त्या खड्ड्याच्या डोक्यावर त्या क्षणी १ लाख व्होल्ट उभे राहतात. हे साधं गुणाकाराचं गणित आहे. डिशचा खांब त्या दाबावर आणि बोर्डाची अर्थ अजून शून्याजवळ असेल, तर मधला सगळा फरक टीव्हीच्या पोटातून जातो. दोन्ही अर्थ जाड तारेने एकत्र असतील तर दोन्ही बरोबर वर जातात आणि टीव्हीच्या वाट्याला फारच थोडं येतं.

"मग डिशला वेगळा खड्डा मारू की"

हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि तोच घातक. "अर्थिंग आसा मा, डिशीक वेगळो खड्डो मारलेलो आसा," असं मालक अभिमानाने सांगतात. खांबाच्या बुंध्याशी सळी ठोकलेली असते, मीटरजवळचा खड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला, आणि दोघांची ओळखही नसते. म्हणजे मोकळ्या सोडलेल्या दोन होड्या.

खड्डे दोन असोत की चार, हरकत नाही. ते एकमेकांना जोडलेले हवेत. गच्चीवर सोलर बसवणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेनंतर गावोगावी पॅनेलं चढली. त्यांच्याबरोबर सहसा तीन खड्डे येतात: पॅनेलच्या सांगाड्याला, इन्व्हर्टरला आणि वीजरोधकाला. काम देताना विचारा, हे तिन्ही घराच्या मूळ अर्थला कुठे जोडणार आणि कोणत्या तारेने. उत्तरादाखल नुसतं हसू आलं तर लेखी मागा.

अमेरिकेत घर विकताना तपासनीस हेच बघतो. तिथल्या विद्युत नियमावलीत २००८ पासून नव्या घराच्या मीटरजवळ एक जोडपट्टी सक्तीची झाली. केबल, फोन, डिश यांच्या किमान तीन अर्थतारा तिच्यावर येऊ शकतील अशी सोय हवी. केबलच्या अर्थची तार साधारण ६ मीटरपेक्षा लांब नको. वेगळी सळी ठोकलीच तर ती जाड तांब्याच्या तारेने मूळ अर्थला बांधायचीच. ही कल्पना उचलण्यासारखी आहे.

पण तिथले व्हिडिओ बघून आणखी एक गोष्ट लोक उचलतात, ती अजिबात उचलू नका. तिथे मेन बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडतात. आपल्याकडे घरात असं जोडायचं नाही. पावसात खांबावरची न्यूट्रल तुटली, तर परतीचा प्रवाह या जोडातून अर्थवर येईल आणि घरातल्या प्रत्येक फ्रिज-गिझरचं अंग जिवंत होईल.

केबल लावताना बोटाला झिणझिण्या का येतात?

हा वेगळा आजार, पण त्याच तारेचा. सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरला दोनच पिना असतात, अर्थ नसते. आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून पुरवठ्याचा अगदी बारीक अंश पेटीच्या धातूच्या भागावर झिरपतो. मीटर लावला तर तिथे शंभरेक व्होल्ट दिसतात, पण त्यामागे दम नसतो. माणसाला झिणझिणी साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला जाणवायला लागते. एका अडॅप्टरची गळती त्याहून कमी. मात्र एका इमारतीतले वीस बॉक्स एकाच केबलच्या जाळीवर, म्हणजे केबलच्या गाभ्याभोवती विणलेल्या धातूच्या वेष्टनावर, असतील आणि ती जाळी कुठेच अर्थ केलेली नसेल, तर सगळ्यांचं झिरपणं एकत्र येतं आणि जो बोट लावेल त्याच्यातून वाट काढतं.

अडचण अशी की टेस्टरला यातला फरक कळत नाही. निऑनचा टेस्टर निरुपद्रवी झिरप्यावरही पेटतो आणि शेजाऱ्याच्या घरातून केबलवर उतरलेल्या खऱ्या फेजवरही. म्हणून टेस्टर लागला की केबलला हात लावू नका आणि वायरमनला बोलवा. तो केबलची जाळी आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरेल. दिवा मंदही लागला तर तो झिरपा नव्हे, ती खरी वीज.

घर बघायला गेलात की काय बघायचं

सुरुवात बाहेरून करा. घराभोवती एक फेरी मारून बाहेरून आत येणारी प्रत्येक तार शोधा: मीटरची, केबलची, इंटरनेटची, डिशची, कॅमेऱ्यांची, पंपाची, सोलरची. आपल्या घरांना त्या चारी बाजूंनी शिरतात, एक ओटीवरून, एक न्हाणीच्या खिडकीतून, एक कौलांच्या फटीतून. खरं तर सगळ्या तारा मीटरजवळून एकाच जागी आत यायला हव्यात. लांब वळशाच्या अर्थतारेचा उपयोग नसतो. विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात १०,००० अँपिअरने चढत असेल तर सरळ तारेच्या एकेका मीटरवर १०,००० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. त्यामुळे दहा मीटरची, भिंतीवरून नक्षी काढत गेलेली अर्थतार ही नावापुरतीच अर्थ.

मग खड्डा बघा. तो मुळात आहे का, इथून प्रश्न सुरू होतो. तुळशीमागे सिमेंटची छोटी पेटी असते, झाकण उचललं की आत पाइपचं तोंड. बऱ्याचदा वर पालापाचोळा आणि खाली मुंग्यांचं वारूळ. पाइपच्या कॉलरवर जिथे तार कसलेली असते, ती जागा बोटाने खरवडून बघा. समुद्राजवळ तांब्याच्या तारेवर हिरवट पापुद्रा आणि जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) नटावर तपकिरी पोपडे असतात. नटाला पाना लावला की तो फिरत नाही, चुरा होऊन हातात येतो. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की हे होणारच. तार दिसते जोडलेली, पण तिचा पाइपशी संबंध केव्हाच तुटलेला असतो. मीठ-कोळशाच्या पारंपरिक खड्ड्यात मीठच पाइप खातं. हल्ली बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती भरतात, जांभ्यात ती जास्त बरी. जागा निवडायची तर भिंतीपासून निदान दीड मीटर लांब, जिथे रोज पाणी पडतं अशी. माडाचं आळं उत्तम.

जुन्या घरांत आणखी एक फसगत असते. अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली. ती बांधली तेव्हा पाइप जमिनीत गेला होता. मधे कधीतरी प्लंबरने पीव्हीसी टाकला आणि अर्थ हवेत लटकली. तीन पिनांच्या सॉकेटचं तिसरं भोकही असंच शोभेचं निघतं. मागे तारच नसते. बाजारात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो खोल्याखोल्यांत लावत जा. अर्थ मुळातच नाही, हे तो सांगेल. आहे ती चांगली की मोडकी, हे त्याला कळत नाही, आणि कोणा हुशाराने सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थला जोडली असेल तर तो खुशाल "सगळं ठीक" दाखवतो.

आता डिशवर चढा, किंवा चढवा कोणाला तरी. खांबाला तार आहे का? आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सांगितली आहे, आणि केबलची बाहेरची जाळी घराच्या अर्थशी बांधायला किमान ४ चौरस मिलिमीटरची. केबल घरात शिरते तिथे एक छोटा धातूचा ठोकळा लागतो, एका बाजूने केबल आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि अंगावर अर्थच्या तारेसाठी स्क्रू. तो आपल्याकडे क्वचितच दिसतो. एखादा कनेक्टर उघडून केबलची जाळी बघा. किनाऱ्यावर दोन-तीन पावसाळे काढलेली ॲल्युमिनियमची जाळी चिमटीत धरली की पांढरी पूड होते. अशा केबलला अर्थ करून काही साधत नाही, आधी केबल बदला.

याच मानकात एक सवलत आहे, ती कोकणी घरांना सोयीची. डिश पागोळीच्या किमान २ मीटर खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल, तर खांबाला वेगळी अर्थ लागत नाही. सिग्नल मिळत असेल तर डिश छपराच्या टोकावर मिरवण्यापेक्षा भिंतीवर बसवलेली बरी. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर हे वेगळं सांगायला नको.

"आमच्याकडे फायबर आलंय"

काच वीज वाहत नाही, हे खरं. पण खांबावरून घरात येणाऱ्या फायबरच्या काळ्या तारेत ताण सहन करायला बऱ्याचदा पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरच हुकवर तोडून थांबवायला हवी. ती राउटरपर्यंत आत ओढलेली दिसली तर काढायला सांगा. फाटकाच्या किंवा वाडीच्या टोकाच्या कॅमेऱ्यासाठी मात्र बिनधातूचं फायबर किंवा वायफाय हा सर्वांत स्वस्त विमा. लांब तांब्याची तार टाकायचीच असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लागतो. आणि तो काय करतो? जादा दाब अर्थवर वळवतो. अर्थच नसेल तर तो वळवणार कुठे? हेच तुमच्या महागड्या स्पाइकच्या बोर्डालाही लागू.

अर्थ केली की वीज ओढली जाईल ना?

नाही. वीज कुठे उतरणार हे मुख्यतः उंचीवर आणि ढगाखालच्या परिस्थितीवर ठरतं. भिंतीवरच्या तारेने त्यात जाणवण्याइतका फरक पडत नाही. पण उलट बाजूही सांगायला हवी. वीज थेट छपरावर पडली तर हे अर्थिंग टीव्ही वाचवेलच असं नाही. त्यासाठी वीजरोधक, उतरती पट्टी, सर्ज प्रोटेक्टर अशी पूर्ण योजना लागते. आपण बोलतोय ते जवळपास पडलेल्या विजेबद्दल, आणि बहुतेक टीव्ही तिनेच जातात.

"गडगडलं की आम्ही प्लग काढतो"

छान करता. पण डिशची केबल काढता का? प्लग काढून केबल तशीच ठेवली, तर लाट केबलवरून आत येते आणि एचडीएमआयमधून पुढच्या वस्तूत जाते. दोन्ही काढा, आणि काढलेलं टोक टीव्हीच्या मागे लोंबत ठेवू नका. हे डोक्यावर कडाडताना करायचं काम नाही, तेव्हा तारांना हातच लावू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज पडत असल्याचा इशारा देतं, तो बघून आधीच उरका. मुंबईत राहून गावच्या घरावर कॅमेऱ्याने लक्ष ठेवणाऱ्यांना हा उपाय नाही. त्यांना पक्की जोडणीच हवी.

मोजायचं कधी आणि कोणाकडून

परवानाधारक वायरमनकडून, अर्थ टेस्टरने. दोन छोट्या सळ्या लांबवर ठोकून तो रोध मोजतो. काहीजण बल्ब लावून "लख्ख लागतोय" म्हणतात. ढोबळ अंदाजापलीकडे त्याला अर्थ नाही, आणि आरसीसीबी असेल तर ती पडतेच. मोजल्यावर मीटरजवळचा खड्डा आणि डिशचा खांब यांच्यामध्येही मीटर लावायला सांगा. दोन्ही खरोखर जोडलेले असतील तर आकडा एका ओहमच्याही आत हवा. दहा-वीस दाखवला तर मधे तार नाही, जमीन आहे.

महिना मे. विकणारा ऑगस्टमध्ये मोजलेला कागद दाखवेल. तेव्हा जांभा पाण्याने भरलेला असतो आणि कसलाही खड्डा पास होतो. घर पावसाळ्यात घेत असाल तर व्यवहारात तसं लिहून घ्या आणि मे महिन्यात पुन्हा मोजा. कारखान्यांत खड्ड्याजवळच्या पाटीवर ओहम आणि तारीख रंगवतात, तसं घरच्या पेटीच्या झाकणावरही लिहा. पुढच्या उन्हाळ्यात आकडा दुप्पट दिसला तर आधी नट बघा, मग पाइप.